पाहुण्याचा परवाना: वाशीमचे लायसन्स सातासमुद्रापार का थांबते?

#धागा #इतिहास #वऱ्हाड

१/
वाशीमच्या परिवहन कार्यालयातून मिळालेल्या वाहन परवान्यावर 'एमएच ३७' ही अक्षरे असतात. हा परवाना कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत चालतो. पण तोच परवानाधारक नोकरीसाठी दुबईला, शिक्षणासाठी जर्मनीला किंवा मुलीकडे अमेरिकेला गेला, की त्या कार्डाचे मोल देशागणिक बदलते. कुठे ते वर्षभर चालते, कुठे सहा महिने, तर कुठे एक दिवसही नाही. वीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसाला शिकाऊ चालकाच्या रांगेत उभे राहावे लागते. हे असे का घडते, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्यातून जातो.

२/
परक्या मुलखातून वाहन नेण्याची परवानगी हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनची मालवाहतूक मोठ्या प्रमाणावर याच समाजाच्या हाती होती. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात. या व्यवसायाला 'लदेणी' म्हणत. आज मोगलाई, उद्या मराठ्यांचा अंमल, परवा निजामाचा. प्रत्येक सरहद्दीवर एकच प्रश्न असे: हे बैल कोणाचे आणि यांना पुढे का जाऊ द्यायचे?

३/
याचे उत्तर बंजारा परंपरेत एका ताम्रपटाच्या रूपाने जपले गेले आहे. शहाजहानच्या काळी दख्खनच्या मोहिमेत फौजेला रसद पुरवणाऱ्या भंगी-जंगी नाईकांना असफखानाने हा ताम्रपट दिला, असे परंपरा सांगते. पाणी कुठूनही घ्यावे, छपरावरचे गवतही बैलांना घालावे, फौजेचे घोडे जिथे जातील तिथे या नाईकांचे बैल जातील, असा त्याचा आशय. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात ही हकिगत दिली आहे. कथेतील तपशील किती ऐतिहासिक, हा वेगळा विषय. परवान्याचे स्वरूप मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे: तो वाटेने जाणाऱ्याला दिलेला होता, वस्ती करणाऱ्याला नव्हे.

४/
पुढे रेल्वे आली. १८६७ साली मुंबईची लोहमार्गाची शाखा अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली आणि लदेणीचा कणा मोडला. ज्या फिरतीला एके काळी ताम्रपटाचा मान होता, तीच फिरती नव्या राजवटीला संशयास्पद वाटू लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत काही प्रांतांत बंजाऱ्यांचे गटही ओढले गेले. परवानगी देणारा सत्ताधीश बदलला की तीच वाट गुन्ह्याची ठरू शकते. परक्या देशात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, कारण परवाना चालकाच्या हातात असला तरी त्याचे मोल देणाऱ्याच्या आणि मानणाऱ्याच्या मर्जीवर ठरते.

५/
खुद्द वाशीम, म्हणजे तेव्हाचे 'बासिम', कोणाच्या देशात होते? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. कारभार इंग्रजांचा, सार्वभौमत्व निजामाचे. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला, तरीही तो कागदोपत्री निजामाचाच राहिला. १९०५ साली बासिम जिल्हा मोडून अकोल्यात विलीन झाला आणि स्वतंत्र वाशीम जिल्हा पुन्हा उभा राहण्यास १ जुलै १९९८ ही तारीख उजाडावी लागली. तोवर इथल्या गाड्या अकोल्याच्या 'एमएच ३०' या पाटीवर धावत होत्या.

६/
या विचित्र स्थितीचा परिणाम कायद्यावरही झाला. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानाचा रीतसर भाग नसल्याने तिथला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. परकीय मुलखातील अधिकारक्षेत्र या तत्त्वाखाली तो स्वतंत्र आदेशाने लागू करावा लागे. हा गुंता सोडवण्यासाठी १९४१ साली 'वऱ्हाड कायदे अधिनियम' करून अनेक कायदे एकदम वऱ्हाडास लावण्यात आले. रस्ता वाशीमचा, पण त्यावर हुकूम कोणाच्या कायद्याचा, हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या काळात इथल्या कचेऱ्यांत खरोखर विचारला जात होता.

७/
आणि परदेश तर हाकेच्या अंतरावर होता. वाशीमहून हिंगोली जेमतेम ५० किलोमीटर. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाची टपाल तिकिटे वेगळी, जकात वेगळी आणि 'हाली शिक्का' हा रुपयाही वेगळा. १९३२ पासून संस्थानाच्या रेल्वे खात्याने स्वतःची मोटारबससेवाही सुरू केली होती. वऱ्हाडातून मराठवाड्यात नातलगांच्या लग्नाला निघालेले वऱ्हाड दोन तासांत दुसऱ्या चलनाच्या मुलखात शिरत असे. भाषा तीच, माणसे तीच, राज्य मात्र निराळे.

८/
आता हिंगोलीच्या नाक्यावरून युरोपात जाऊ, कारण आजचे नियम तिथे घडले. आरंभी मोटार चालवायला परवाना लागत नसे. १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी शहरापुरता चालकाचा दाखला आवश्यक केला. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला. १ जानेवारी १९०४ पासून पाच शिलिंग भरले की तो मिळे, परीक्षा नव्हती. ब्रिटनमध्ये चालकाची परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ परवाना हा कौशल्याचा दाखला नव्हताच. अपघात झाला तर माणूस ओळखू यावा, त्याला पकडता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. हिंदुस्थानात पहिला अखिल देशी मोटार वाहन कायदा १९१४ साली झाला.

९/
मोटार वेगवान आणि युरोपातले देश लहान, म्हणून सकाळी फ्रान्समध्ये निघालेला धनिक दुपारी बेल्जियमच्या नाक्यावर अडकू लागला. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटार वाहतुकीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. गाडी आणि चालक या दोहोंसाठी वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय दाखला, गाडीच्या मागे देशाची ओळख सांगणारी अक्षरे, आणि धोक्याच्या चार समान खुणा त्यातून आल्या: खड्डा, वळण, चौक आणि रेल्वेचे फाटक. आज आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या सावधानतेच्या फलकांची ही पूर्वज मंडळी.

१०/
२४ एप्रिल १९२६ च्या दुसऱ्या पॅरिस कराराने चालकाचा आंतरराष्ट्रीय परवाना गाडीच्या दाखल्यापासून वेगळा केला. हिंदुस्थानात या व्यवस्थेसाठी १९३३ साली मोटार वाहनांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम झाले. परदेशी जाणाऱ्या हौशी मोटारवाल्यांची कागदपत्रे तयार करण्याचे काम त्या काळी मोटार-संघ करीत. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही त्यांपैकी प्रमुख. संघाचे सभासद कोण असतील, हे सांगायला नको. ज्याच्या पदरी मोटार आणि बोटीच्या पहिल्या वर्गाचे तिकीट, त्याच्यासाठी ही सोय होती.

११/
दुसऱ्या महायुद्धानंतर १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे नवा करार झाला. आज भारत देतो तो आंतरराष्ट्रीय वाहन चालक परवाना याच कराराच्या नमुन्याचा. आता या कराराचे पहिलेच कलम पाहा. जो चालक सलग एक वर्षाहून अधिक काळ एखाद्या देशात राहिला, त्याला कराराचा लाभ देण्यास तो देश बांधील नाही, असे ते सांगते. ८ नोव्हेंबर १९६८ च्या व्हिएन्ना कराराने परवान्याची मुदत कमाल तीन वर्षांपर्यंत नेली. पण ज्याने आपले नित्याचे वास्तव्य दुसऱ्या देशात हलवले, त्याचा जुना परवाना मानण्याची सक्ती नाही, हेही तिथे स्पष्ट केले.

१२/
म्हणजे ही सारी व्यवस्था पाहुण्यासाठी बांधलेली आहे. पाहुणा येतो, चार दिवस फिरतो, निघून जातो. त्याच्या गाडी चालवण्याची परीक्षा घेत बसण्यापेक्षा त्याच्या सरकारचा शब्द मानणे सोयीचे. परंतु १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामांचा पूर आला आणि भारतातून लाखो माणसे कामासाठी तिकडे गेली. पुढे संगणकाच्या नोकऱ्यांनी मराठी कुटुंबे अमेरिका आणि युरोपात नेली. ही माणसे चार दिवसांची पाहुणी नव्हती आणि त्या देशांची नागरिकही नव्हती. करार करणाऱ्यांच्या नजरेसमोर हा तिसरा माणूस नव्हताच. आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

१३/
संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण घ्या. पर्यटक म्हणून गेलेला भारतीय आंतरराष्ट्रीय परवान्यावर भाड्याची गाडी घेऊ शकतो. पण त्याच माणसाला तिथला निवासी व्हिसा मिळाला की तो कागद निरुपयोगी होतो आणि स्थानिक परवाना घ्यावा लागतो. काही देशांच्या नागरिकांना जुन्या परवान्याच्या बदल्यात नवा सहज मिळतो. त्या यादीत भारत नाही. मग प्रशिक्षण संस्थेची शिकवणी, लेखी परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा. माणूस तोच, हात तेच, स्टिअरिंग तेच. बदलला तो केवळ पासपोर्टवरचा शिक्का. नोकरी लागल्याचा आनंद आणि गाडी चालवण्याचा हक्क संपण्याची घडी अशी एकाच वेळी येते.

१४/
कुवेतमध्ये तर परवाना हा सामाजिक दर्जाचा मापदंड बनला. रस्त्यांवरील गर्दी आटोक्यात आणायची म्हणून परदेशी रहिवाशांना परवाना देताना किमान पगार, पदवी आणि वास्तव्याची वर्षे अशा अटी घालण्यात आल्या. अभियंत्याला गाडी चालवता येईल, त्याच इमारतीवर काम करणाऱ्या गवंड्याला येणार नाही. सौदी अरेबियात २४ जून २०१८ पर्यंत स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभाच नव्हती, मग ती स्त्री आपल्या देशात कितीही वर्षे गाडी चालवत असो. गाडी चालवण्याचा अधिकार कौशल्यावर अवलंबून असतो, या आपल्या समजुतीला ही उदाहरणे छेद देतात.

१५/
युरोपात भाषा सौम्य, तत्त्व तेच. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने भारतीय परवाना चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ब्रिटनमध्ये ही सवलत बारा महिन्यांची आहे. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर आदी काही देशांचे परवाने तिथे बदलून मिळतात, भारताचा मिळत नाही. ज्या इंग्रजांनी आपल्याला मोटारीचा पहिला कायदा दिला, त्यांच्याच देशात आपल्या परवान्याला एका वर्षाचे आयुष्य आहे.

१६/
अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथला परवाना घेणे अपेक्षित आहे. जपान १९४९ च्या नमुन्याचा परवाना मानतो, पण एका वर्षापुरताच. शिवाय मायदेशी फेरी मारून नवा परवाना आणण्याची पळवाट बंद करण्यासाठी, जपानच्या रहिवाशाने किमान तीन महिने देशाबाहेर काढलेले असले पाहिजेत अशी अट आहे. पुन्हा पाहुणा ठरण्यासाठी किती दिवस घर सोडावे लागते, याचे इतके काटेकोर माप क्वचितच आढळते. चीनची मुख्यभूमी या कराराबाहेर आहे. तिथे आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका निव्वळ शोभेची.

१७/
भारतीय परवान्यावर इतर देश इतका कमी विश्वास का ठेवतात? याचे उत्तर अवघड असले तरी टाळता येत नाही. परवान्याची अदलाबदल ही परस्परांच्या परीक्षापद्धतीवरील विश्वासावर चालते. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढून मिळणारा परवाना आणि प्रत्यक्ष वाहत्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास घेतलेली परीक्षा यांत अंतर आहे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. एखादा माणूस उत्तम चालक असेल. पण परक्या देशातला अधिकारी त्याला ओळखत नाही, तो त्याच्या परवान्याला ओळखतो. सगळ्यांच्या ढिलाईची किंमत अशा रीतीने एकेकट्याला परदेशात मोजावी लागते.

१८/
कागदानंतर रस्ता. भारत डावीकडून चालतो. आखात, अमेरिका आणि युरोपचा बहुतांश भाग उजवीकडून. या बाबतीत गोव्याची कथा मनोरंजक आहे. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोव्यात डावीच राहिली, कारण शेजारचा सारा मुलूख डावीकडून चालत होता. मायदेशापेक्षा शेजार महत्त्वाचा ठरला. दुबईने १ सप्टेंबर १९६६ रोजी बाजू बदलली, स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी. या देशांना जी सवय बदलायला मोठी तयारी करावी लागली, ती भाड्याची गाडी घेणारा प्रवासी विमानतळाच्या दारात पाच मिनिटांत बदलू पाहतो. धोका सरळ रस्त्यावर कमी असतो. तो वळताना, गोल चौकात आणि पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर असतो, जिथे समोर दुसरी गाडी नसल्याने हात आपसूक जुन्या बाजूला वळतात.

१९/
भाड्याच्या गाडीचाही इतिहास आहे. म्युनिकमध्ये मार्टिन सिक्स्ट यांनी १९१२ साली तीन मोटारींवर हा धंदा मांडला. १९१८ साली शिकागोत वॉल्टर जेकब्स यांनी डझनभर फोर्ड गाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. १९२३ साली तो व्यवसाय जॉन हर्ट्झ यांनी घेतला आणि आजचे हर्ट्झ हे नाव रूढ झाले. १९४६ साली वॉरन एव्हिस यांनी डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर तीन गाड्या उभ्या केल्या. रेल्वे स्थानकाऐवजी विमानतळ हे प्रवासाचे दार होणार, हे त्यांनी हेरले. विमानातून उतरावे, किल्ली घ्यावी आणि निघावे, ही आज सर्वत्र दिसणारी पद्धत तिथून पसरली.

२०/
आपल्याकडे मात्र गाडी भाड्याने घेणे म्हणजे वेगळीच गोष्ट. मराठीत आपण 'गाडी करतो'. लग्नाला गाडी केली, दवाखान्यात न्यायला गाडी केली, शेगावला गाडी केली. त्या एका क्रियापदात ड्रायव्हर, त्याचा भत्ता, त्याचे रस्त्याचे ज्ञान आणि काही बिघडले तर त्याची जबाबदारी, सारे येते. काळी-पिवळीतून कारंजा-वाशीम करणाऱ्याला तर गाडीच्या कागदांचा विचारही करावा लागत नाही. १९८९ च्या 'रेंट अ कॅब' योजनेने चालकाविना गाडी देण्याचा कायदेशीर मार्ग आखला, पण त्यासाठी किमान ५० गाड्यांची अट घातली. त्यामुळे हा धंदा मोठ्या शहरांत आणि गोव्यासारख्या पर्यटनस्थळी वाढला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे ही त्याची खूण.

२१/
म्हणून वऱ्हाडातला माणूस परदेशात 'गाडी करायला' जातो, तेव्हा त्याला गाडीबरोबर जबाबदारीही मिळते, हे त्याच्या ध्यानी उशिरा येते. चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड बहुधा लागते आणि त्यावर अनामत अडकते. २५ वर्षांखालील चालकाला अनेक ठिकाणी जादा आकार पडतो. करारात ज्याचे नाव नाही, त्याने, मग तो सख्खा भाऊ का असेना, स्टिअरिंगला हात लावला तर विमा नाकारला जाऊ शकतो. विमा असला तरी ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान घेणाऱ्याच्याच माथी असते. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढावे. परत देतानाही काढावे.

२२/
सर्वांत मोठा धोका विम्याचाच. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी चालवताना पोलिसाने अडवले तर दंड होईल, फार तर गाडी थांबेल. पण त्याच वेळी कोणी जखमी झाले, तर कायदा त्या चालकाला परवाना नसलेला चालक मानू शकतो आणि विमा कंपनी भरपाईची रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. काही देशांत ही रक्कम वाशीमकडचे शेत आणि घर विकूनही फिटणार नाही एवढी असते. भेटीला गेलेल्या वडिलांनी नातवाला शाळेत सोडण्यासाठी सहज घेतलेली किल्ली एका क्षणात अशी महाग पडू शकते.

२३/
वाशीमकरांनी करायचे काय? आंतरराष्ट्रीय परवाना आपला मूळ परवाना ज्या क्षेत्रातला, त्या परिवहन कार्यालयातून मिळतो. अर्ज नमुना ४-अ मध्ये, शुल्क १,००० रुपये, मुदत कमाल एक वर्ष. तो मूळ परवान्याचा जोडकागद आहे. एकट्याने चालत नाही, म्हणून दोन्ही जवळ ठेवावे. पूर्वी राज्याराज्यांत या पुस्तिकेचे रूप वेगळे असल्याने परदेशात शंका घेतल्या जात. २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर एकच आकार, एकच रंग आणि जिनिव्हा करारानुसार एकच नमुना ठरवला. जानेवारी २०२१ पासून परदेशात असताना मुदत संपली, तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करता येतो आणि परवाना त्या देशातल्या पत्त्यावर पाठवला जातो.

२४/
ही सोय उपयुक्त असली तरी तिच्या मर्यादेचा विसर पडू नये. नूतनीकरण झालेला कागद भारताच्या दृष्टीने वैध असतो. राहत्या देशाने चालकाला रहिवासी मानले असेल, तर त्या देशाच्या दृष्टीने तो तरीही अपुरा ठरू शकतो. कागद कुठून आला यापेक्षा आपण तिथे कोण आहोत, हा प्रश्न निर्णायक आहे. म्हणून परदेशात निवासाचा शिक्का बसला, की त्याच आठवड्यात स्थानिक परवान्याची चौकशी सुरू करावी. सहा महिने किंवा वर्ष ही मुदत शिकण्यासाठी आणि परीक्षेसाठी दिलेली असते. विसरून जाण्यासाठी नव्हे.

२५/
पोटासाठी ड्रायव्हर म्हणून आखातात जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. आंतरराष्ट्रीय परवाना हा तिथे नोकरी म्हणून वाहन चालवण्याचा परवाना नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास मंजुरीची अट असते आणि १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार काही ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी ती मंजुरी घ्यावी लागते. एखादा दलाल 'पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर लायसन्स करून देतो' असे सांगत असेल, तर तो त्या माणसाला पाहुण्याच्या कागदावर मजूर म्हणून पाठवत आहे. अपघात झाला, पगार अडला, तर अशा माणसाची नोंद ना इकडे असते ना तिकडे.

२६/
समृद्धी महामार्ग आज वाशीम जिल्ह्यातून जातो. कारंज्याजवळून त्यावर चढणाऱ्या मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. जगातील कोणत्याही द्रुतगती रस्त्याशी तुलना व्हावी असा रस्ता आपल्या शिवारात आला. रस्ता बांधला जातो, तसा परवान्यावरचा विश्वासही बांधता येतो. पण तो परीक्षेच्या मैदानात, परिवहन कार्यालयात आणि रोजच्या वाहतुकीत बांधावा लागतो. आपली परीक्षा कडक होईल, अपघात घटतील, तेव्हाच इतर देशांशी अदलाबदलीचे करार मागताना आपल्या सरकारचा शब्द वजनदार होईल.

२७/
लदेणीच्या नाईकाला ताम्रपट लागला, वऱ्हाडाच्या कचेऱ्यांना स्वतंत्र आदेश लागला, हिंगोलीच्या वाटेवर हाली शिक्का लागला. आजच्या परदेशस्थ वाशीमकराला पुस्तिका लागते, आणि वर्षभराने परीक्षा लागते. पोरे बाहेरगावी निघाली की आपण त्यांच्या बॅगेत लोणचे, पापड आणि देवाचा अंगारा आठवणीने ठेवतो. त्यांच्या परवान्याची मुदत आणि तिथला निवासाचा नियमही एकदा विचारून घ्यावा. घरातले कोणी परदेशात गाडी चालवत असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.

(धागा समाप्त)